चौदाव्या स्लाईडवरचा दोर

१

गोदामातली उत्तरेची लिफ्ट अकरा तारखेला सकाळी साडेदहाला पडली. 'पडली' हा शब्द तितकासा काटेकोर नाही. तिच्या दोन तारदोरांपैकी एक तुटला, उरलेल्याला ओझे पेलले नाही, आणि आणीबाणीची पकड बसेपर्यंत ती दीड मजला खाली आली. दीड मजला पुरेसा होता. आत उभी रचलेली नऊ लाकडी कपाटे कोसळली, लिफ्टमन त्यांच्याखाली सापडला, आणि रुग्णालय गाठण्याआधीच त्याने प्राण सोडला.

दोर कित्येक महिने झिजत आला होता, याविषयी धातुपरीक्षकांत दुमत नव्हते. वाद एवढाच होता, की ती झीज कोणाला दिसली होती. देखभाल करणाऱ्या कंपनीने अपघाताच्या आठ दिवस आधी, तीन तारखेला, गोदामाच्या मालकांपुढे एक प्रेझेंटेशन केले होते. त्यातल्या चौदाव्या स्लाईडवर 'उत्तर लिफ्ट : तारदोर सुस्थितीत' या मथळ्याखाली एका दोराचा फोटो होता. तो दोर सुस्थितीत होता यात शंका नाही. मात्र तो उत्तर लिफ्टचा नव्हता. त्याच्यावरचा ग्रीसचा ओघळ सतराव्या स्लाईडवरच्या, म्हणजे दक्षिण लिफ्टच्या, दोरावरल्या ओघळाशी तंतोतंत जुळत होता. एकाच फोटोने दोन लिफ्टांची ग्वाही दिली होती.

फोटो काढणारा मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्यातली तेहतीस वर्षे त्याने लिफ्टच्या यंत्रखोल्यांत घालवली होती. त्याचा कबुलीजबाब टाईप होऊन चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडला होता : गुडघे दुखत असल्यामुळे उत्तरेच्या यंत्रखोलीपर्यंत मी चढलोच नाही, दक्षिणेचाच फोटो दोनदा पाठवला. सही चार वाजता व्हायची होती. सही झाली की परवाना रद्द, आणि पाठोपाठ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला.

तत्पूर्वी, मालकांकडे ईमेलने आलेली फाईल अस्सल असल्याचा दाखला तेवढा चौकशी अधिकाऱ्यांना हवा होता, आणि त्यासाठी बाईंना बोलावले होते. बाईंनी वीस वर्षे निरनिराळ्या कचेऱ्यांतल्या कारकुनांना प्रेझेंटेशन करायला शिकवले होते. निम्मे शहर त्यांना नुसते 'बाई' म्हणत असे, आणि चौकशी अधिकारी त्या निम्म्यात मोडत होते.

"पाच मिनिटांचं काम आहे, बाई," ते म्हणाले.

"तुम्ही वर्गातसुद्धा असंच म्हणायचात," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. घड्याळात एक वाजला होता.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रेझेंटेशनमध्ये चित्र 'क्रॉप' केले की त्याची कड कापली गेली, असे बहुतेकांना वाटते. ते खरे नाही. कड फक्त झाकली जाते. चित्र निवडून क्रॉपच्या बटणावर पुन्हा टिचकी मारली, की झाकलेला भाग धुरकट राखाडी होऊन भोवती उगवतो. ती कड कायमची काढून टाकायची असेल तर वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती देण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही.

बाईंनी शीर्षकाची पहिली स्लाईड सजावट म्हणून सोडून दिली आणि दुसरीपासून एकेक फोटो उघडत गेल्या. प्रत्येक फोटोच्या खालच्या बाजूला, राखाडी पडद्यातून, तीच वस्तू डोकावली : शाळेतल्या मुलांची असते तशी एक पाटी, आणि तिच्यावर खडूने लिहिलेले लिफ्टचे नाव व तारीख. शीर्षकापुढच्या स्लाईडींवर एक्केचाळीस फोटो होते. चाळीस फोटोंखाली पाटी निघाली.

चौदाव्या स्लाईडवरच्या दोराभोवती मात्र काहीच उगवले नाही. त्याची कड खरोखरच कापलेली होती.

२

मिस्त्री शेजारच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता, जणू पूर्ण खुर्ची घेण्याचा हक्क आपण गमावला आहे. बाईंच्या प्रश्नांना त्याने बिनतक्रार उत्तरे दिली. पाटीची पद्धत त्याचीच होती. एके वर्षी दोन इमारतींचे फोटो एकमेकांत मिसळले, तेव्हापासून पाटी ठेवल्यावाचून त्याने एकही फोटो काढला नव्हता. ग्राहकांना ती पाटी पोरकट वाटते म्हणून कचेरीत ती फोटोतून झाकत, हेही त्याला ठाऊक होते. बाकी जे कागदावर आहे ते खरे आहे, आता लिहून घ्या आणि मोकळे करा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

बाईंनी त्याला सांगितले, की चौदाव्या फोटोखाली पाटी नाही आणि झाकलेली कडसुद्धा नाही. दक्षिणेचा फोटो त्याने चुकीने किंवा आळसाने दोनदा पाठवला असता, तर दुसऱ्याखालीही 'दक्षिण' लिहिलेली पाटी सापडायला हवी होती. ती कोणीतरी मुद्दाम नाहीशी केली, आणि हे काम फोटो काढणाऱ्याचे असू शकत नाही.

निर्दोष असो वा अपराधी, ज्याच्या गळ्यातला फास सैल होतो त्याचा चेहरा सैल व्हायला हवा. मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी ते पाहिले, आणि स्लाईडी कोण बनवतो असे विचारले.



"आमचे जावई," तो म्हणाला. "बाई, माझ्या मुलीला सातवा महिना आहे. माझं काय, दोन वर्षांत मी घरीच बसणार होतो. ते कडेचं तेवढं तुम्ही पाहिलं नाही असं समजा."

३

जावई तिशीतला, बोलका आणि कामात वाघ होता. निदान आपण तसे आहोत असे त्याला वाटत असे. बाईंपुढे बसल्यावर त्याचे बोलणे मात्र अडखळत होते. सव्वीस तारखेला तपासणी झाली, त्याच दिवशी मामांनी ('मामा' म्हणजे त्याचे सासरे) फोटो पाठवले, त्याने ते गेल्या वेळच्याच मथळ्यांखाली लावले, पाट्या न वाचताच झाकल्या, यंत्रखोल्या अंधाऱ्या असतात म्हणून प्रत्येक फोटोचा उजेड वाढवला, आणि सगळ्यात शेवटी शीर्षकाची स्लाईड सजवली. एक तारखेला कचेरीच्या नियमाप्रमाणे सगळे फोन रिकामे केले. मूळ फोटो त्यातच गेले. दोन तारखेला संध्याकाळी फाईल त्याने पेनड्राईव्हवर कंपनीच्या व्यवस्थापकांना दिली. त्यानंतर त्याने ती पाहिलेली नव्हती.

झिजलेला दोर कसा दिसतो हे तुला कळते का, असे बाईंनी विचारले.

"खोटं कशाला सांगू? मला सगळे दोर सारखेच. मी उजेड बघतो, दोर मामा बघतात."

पाटीचा विषय निघाला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. गेल्या वर्षी एका सभेत व्यवस्थापकांनी फोटो मोठा करून दाखवायला म्हणून स्वतःच माऊस हातात घेतला होता. कुठे टिचकी बसली कोण जाणे, पण क्रॉप उघडले आणि ओढाताणीत अख्खी पाटी पडद्यावर आली. तारखेखाली मामांनी लिहिले होते : 'चहा अजून आलेला नाही'. ग्राहक पोट धरधरून हसले. व्यवस्थापक सभेत हसले आणि बाहेर आल्यावर जावयाला म्हणाले, की झाकलेले सगळे तसेच मागे राहते हे आधी का नाही सांगितलेस. मामांना मात्र त्या महिन्यापासून वेळेवर चहा मिळू लागला.

हसू ओसरले. त्याने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"बाई, फोटोंची अदलाबदल माझ्या हातून झाली असं मी लिहून दिलं, तर मामा सुटतील का?"

झाली होती का, असे बाईंनी विचारले. त्याने एवढेच सांगितले, की हल्ली मामा घराच्या जिन्यावरसुद्धा मध्येच थांबतात, आणि गोदामाला सात मजले आहेत.

बाई उठल्या. एका अपराधाला आता दोन कबुल्या मिळाल्या होत्या, आणि दोघांपैकी प्रत्येकाला दुसराच अपराधी आहे याची खात्री होती.

४

व्यवस्थापक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. लिफ्टमनच्या मृत्यूबद्दल ते मनापासून हळहळले, मिस्त्रीच्या तेहतीस वर्षांच्या सेवेबद्दल आदराने बोलले, आणि 'आमचा म्हातारा' म्हणताना त्यांचा स्वर ओलावला. प्रेझेंटेशन आपणच केले हे त्यांना मान्य होते. पण फाईल जशी हाती आली तशी दाखवली आणि तशीच मालकांना पाठवली, असे त्यांनी ठासून सांगितले.

बाईंनी त्यांना कापलेल्या कडेविषयी विचारले.

"यातलं मला ओ की ठो कळत नाही, बाई. पुढची स्लाईड, मागची स्लाईड, संपली माझी विद्या. चित्र कापलं म्हणजे कापलं, नाही का? उरणार काय त्यात?"

मग व्यवस्थापकांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि, अर्थातच नाइलाजाने, आपली शंका बोलून दाखवली. सासरे आणि जावई एकाच कंपनीत ठेवले ही आपली चूक झाली. एकाने जिना चढायचा नाही आणि दुसऱ्याने ते झाकायचे, असाच हा मामला दिसतो. सासऱ्याने एकच फोटो दोनदा पाठवला. जावयाच्या ते ध्यानात आले. पाटीवर 'दक्षिण' आहे हे कोणाला सापडू नये म्हणून त्याने ती कड कापून टाकली. ज्याला ही कला येते त्यानेच हे केले, इतके सरळ आहे.

आणि ते खरोखरच सरळ होते. बाईंनी शोधून काढलेली एकमेव गोष्ट त्या स्पष्टीकरणात नीट बसत होती. मिस्त्रीचे घाबरणे बसत होते, जावयाची तयारी बसत होती. चौकशी अधिकाऱ्यांनी ते ऐकले, काही क्षण पेन टेबलावर आपटत राहिले, आणि मग कबुलीजबाबाच्या कागदावर मिस्त्रीच्या नावाखाली दुसरे नाव लिहिले.

तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. एका माणसाला वाचवायला निघालेल्या बाईंनी दोघांना बुडवले होते.

५

त्या पुन्हा फाईलसमोर येऊन बसल्या. व्यवस्थापकांनी तो सभेतला प्रसंग लपवला, हे खरे. पण माणूस फजिती विसरतो, आणि न आठवणे हा पुरावा होत नाही. काटेकोरपणे पाहिले तर प्रश्न एकच उरत होता. सासऱ्या-जावयाच्या त्या गोष्टीत उत्तर लिफ्टचा खरा फोटो कधी काढलाच गेलेला नाही. तो काढला गेला होता आणि या फाईलमध्ये आला होता, एवढे सिद्ध झाले तर ती गोष्ट समूळ कोसळते. पण फोन रिकामे होते, आणि चौदाव्या स्लाईडवर परका दोर लोंबत होता.

बाईंनी पहिली स्लाईड उघडली. कंपनीचे नाव, त्याखाली नाण्याएवढी सहा गोल चित्रे : एक बटण, एक दार, एक चाक, कसल्याशा करड्या पृष्ठभागांचे तुकडे. त्या उठून दारापाशी गेल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या जावयाला विचारले, की ही गोल चित्रे तू आणतोस कुठून.

त्याला प्रश्नाचे आश्चर्य वाटले. आतल्या स्लाईडी पुऱ्या झाल्या की त्यांच्यावरचेच फोटो कॉपी करून तो पुढे आणी आणि गोलात क्रॉप करी. "नवे फोटो शोधत कोण बसणार, बाई? करड्या रंगात सगळं छानच दिसतं."

बाईंनी चौकशी अधिकाऱ्यांना सांगून तिघांनाही आत बोलावले आणि पडदा लावायला लावला. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. त्यांनी पहिल्या गोलावर क्रॉप उघडले : बटणाभोवती लिफ्टचा अख्खा फलक उगवला, खाली पाटी, दक्षिण लिफ्ट. दुसरा गोल : दार. तिसरा : चाक. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले आणि दुसऱ्या एका सभेची आठवण करून दिली. बाईंनी चौथा गोल निवडला. त्यात एका करड्या पट्ट्याखेरीज काही दिसत नव्हते.

टिचकी वाजली.

करडा पट्टा वरखाली लांबत गेला आणि त्याचा दोर झाला. दोराच्या मध्यावर, गोलाच्या अगदी बाहेर, तुटलेल्या तारा काट्यांसारख्या उभ्या होत्या. खाली पाटी होती. बाईंनी कोपरा धरून चित्र मोठे केले, आणि खडूची अक्षरे वाचण्याजोगी झाली : 'उत्तर लिफ्ट. २६ तारीख. तारा तुटल्यात. दोर ताबडतोब बदला.'

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. जावई पडद्याकडे पाहत राहिला, आणि मग पहिल्यांदाच सासऱ्याकडे.

बाईंनी वर्गात बोलावे तशा संथ आवाजात मांडणी केली. मिस्त्री सात मजले चढला होता. पाटी ते सांगते. जावयाने त्याचा खरा फोटो चौदाव्या स्लाईडवर लावला होता; तिथून उचलल्याशिवाय तो या गोलात येऊ शकत नाही. म्हणजे अदलाबदल फाईल पूर्ण झाल्यानंतर झाली. कोणी म्हणेल, ती जावयानेच मागाहून केली असेल. पण फोटो सर्वांत आधी त्याच्याच हाती आले होते. त्याला दोर लपवायचाच असता तर खरा फोटो आधी लावून मग काढण्याचे काही प्रयोजन नव्हते; तो फाईलमध्ये कधी आलाच नसता. आणि मागाहून बुद्धी फिरली असती, तर आपणच केलेला हा गोल त्याने जागेवर ठेवला नसता. उरला तो माणूस ज्याच्याकडे फाईल दोन तारखेच्या संध्याकाळपासून होती.

"त्याला सतराव्या स्लाईडवरचा दोर चौदाव्यावर आणता आला," बाई म्हणाल्या, "आणि त्याच्याखालची पाटी झाकून भागणार नाही, हेही माहीत होतं, कारण ती पाटी एकदा भर सभेत त्याच्या अंगावर आली होती. कड काढून टाकायची आज्ञा त्याने दिली. ती देताना उघडणाऱ्या चौकटीत 'फक्त याच चित्रासाठी' अशी खूण आपोआप आलेली असते. ती त्याने तशीच राहू दिली. ती काढली असती, तर फाईलमधली प्रत्येक कड गेली असती, हा गोलसुद्धा रिकामा झाला असता, आणि आज मी फाईल अस्सल आहे म्हणून सही करून घरी गेले असते."

व्यवस्थापकांनी रुमाल काढला, पण तो वापरला नाही.

"करार त्या दिवशी नव्याने व्हायचा होता," ते म्हणाले. "मालक आधीच दुसऱ्या कंपनीशी बोलत होते. दोर मी पुढच्या महिन्यात बदलणारच होतो."

"दोरानं तेवढं थांबायला हवं होतं," मिस्त्री म्हणाला.

६

व्यवस्थापकांना दुसऱ्या खोलीत नेल्यावर चौकशी अधिकाऱ्यांनी जुना कबुलीजबाब उभा-आडवा फाडला. मिस्त्री आता आरोपी नव्हता, साक्षीदार होता. नवा जबाब त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायला घेतला : सव्वीस तारखेला उत्तरेचा दोर पाहिला, फोटो काढला, त्याच दिवशी व्यवस्थापकांना तोंडी कळवले. परवान्याला आता धक्का लागणार नाही, असे त्यांनी लिहिता लिहिता सांगितले.

सासरे आणि जावई टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. मध्ये एक रिकामी खुर्ची होती.

"तुम्ही साहेबांचं ऐकून फोटो बदललात असं वाटलं मला, जावईबापू," मिस्त्री टेबलाकडे पाहत म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही चढलाच नाहीत."

जावई उठला आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसला.

अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला. मिस्त्रीने तो दोनदा वाचला आणि पेन उचलले नाही. हा पुरा नाही, असे तो म्हणाला. मग त्याने सांगितले, की दोर पाहिल्यावर त्याने यंत्रखोलीतला मुख्य खटका खाली ओढून लिफ्ट बंद केली होती. व्यवस्थापकांचा फोन आला : तीन तारखेपर्यंत चालू ठेव, मालक येऊन बघतील, बंद दिसता कामा नये. त्याने खटका पुन्हा वर केला. तीन तारीख गेल्यावरही तो परत जाऊन खाली ओढला नाही. रोज वाटायचे, आज दोर येईल.

चौकशी अधिकारी अवघडले. हे कोणी विचारलेले नाही, असे त्यांनी समजावले. हे लिहिले तर आत्ताच वाचलेला परवाना पुन्हा जाईल, कदाचित खटलाही उभा राहील. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मिस्त्रीला अडवावे अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मामा, राहू द्या ना," जावई हलकेच म्हणाला. "घरी काय सांगू मी?"

"मघाशी मी न केलेलं लिहून देत होतो, तेव्हा तुमच्यासाठी देत होतो," मिस्त्री म्हणाला. "हे केलंय. लिफ्टमनच्या बायकोनं मला विचारलं, की तुम्हाला माहीत होतं का, तर मी काय कागद दाखवू तिला?"

जावयाने कागद सरळ केला आणि सासऱ्याला लिहिताना हलू नये म्हणून वरचा कोपरा दोन बोटांनी धरून ठेवला. मिस्त्रीने खटक्याची हकीकत चार ओळींत, खाडाखोड न करता लिहिली, तारीख घातली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी सही केली.